बालवाडीतल्या पोरांना ऊन, पाऊस, वारा कसं शिकवायचं

तीन ते सहा वर्षांच्या पोरांना हवामान शिकवायचं म्हटलं की आपण आधी दुकानातून चार्ट आणतो, त्यात सूर्याला गॉगल, ढगाला डोळे आणि कोपऱ्यात गाजराच्या नाकाचा बर्फाचा माणूस. आता अकोल्याच्या नाहीतर कोल्हापूरच्या पोराला तो दिसणार कधी? पोरगं स्नोई, विंडी, सनी घडाघडा म्हणून दाखवतं, पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि बाहेर आभाळ भरून आलंय तिकडे कुणाचंच लक्ष नसतं. माझं म्हणणं एवढंच की जे हवामान ज्या दिवशी दारात येईल ते त्या दिवशी शिकवा. पाऊस जूनमध्ये, धुकं डिसेंबरात, गारा पडतील तेव्हा गारा. वर्ष लागेल, लागू दे की, घाई कुणाला आहे.

रोज सकाळी दात घासून झाले की गॅलरीत नाहीतर अंगणात न्यायचं आणि विचारायचं, आज बाहेर कसंय? "छान" असं उत्तर आलं तर तेवढ्यावर सोडायचं नाही, अंगाला चिकचिक होतंय का, दोरीवरचे कपडे हलतायत का, कुठल्या बाजूला हलतायत, ढग पांढरे की काळपट, सगळं विचारायचं. मग कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात त्याला चित्र काढू द्या. तिथे दुधाचा हिशोब असतोच, त्याच्या शेजारी एक ढग. महिना संपला की ढग किती, सूर्य किती हे दोघांनी मिळून मोजायचं, आकडे पण आपोआप पक्के होतात.

पावसावर मात्र भरपूर वेळ घालवा कारण आपल्याकडे पावसाचे प्रकारच इतके. भुरभुर, रिमझिम, सर, संततधार, मुसळधार, आणि हे शब्द नुसते सांगून उपयोग नाही, पोराचा तळहात खिडकीबाहेर धरायला लावायचा. भुरभुर असेल तर हात नुसता ओलसर होतो, सर आली की थेंब टपटप लागतात, मुसळधार असेल तर हाताची ओंजळ केली की भरायला लागते. वळीव तर मुद्दाम दाखवा. मे महिन्यातला उकाडा, दुपारनंतर एकदम काळे ढग, सोसाट्याचा वारा, धूळ, पत्रे वाजतात, विजा, धो धो पाऊस आणि तासाभरात परत सगळं मोकळं. जूनमधला दिवसभर चालणारा पाऊस याच्यापेक्षा वेगळा असतो हे पोरं एकदा बघितलं की विसरत नाहीत.

पाच-सहा वर्षांचं पोर असेल तर पाऊस मोजता पण येतो. तोंड आणि बूड सारखंच रुंद असलेला सरळ उभा स्टीलचा डबा घ्या, झाड किंवा छज्जा नाही अशा उघड्या जागी ठेवा, वाऱ्याने पडू नये म्हणून बाजूने दोन विटा लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आत पट्टी बुडवून किती मिलिमीटर ते बघा. साडेआठच का, तर हवामान खातं पण २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं, त्यामुळे आपला आकडा बातम्यांतल्या आकड्याशी ताडून बघता येतो. ६४.५ मिमीच्या वर गेला तर खात्याच्या भाषेत मुसळधार. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता, म्हणजे डबा तेवढा उंच असता तर पाणी साधारण चार वर्षांच्या पोराच्या कपाळापर्यंत आलं असतं. भिंतीवर पट्टीने खूण करून दाखवा, डोळे विस्फारतात.

पाणी ढगात जातं कसं, हा प्रश्न येणारच. स्टीलच्या ग्लासात कोकम सरबत ओता, भरपूर बर्फ टाका. थोड्या वेळाने ग्लासाला बाहेरून थेंब धरतात आणि पोरं म्हणतात ग्लास गळतोय. मग विचारायचं, सरबत लाल, थेंब का लाल नाहीत? बोट लावून चाखायला सांगा, गोड लागत नाही. म्हणजे हे पाणी ग्लासातलं नाहीच, हवेतलं आहे, दिसत नव्हतं, गार लागलं म्हणून थेंब झालं, आणि वर आभाळात गार हवेत असेच बारीक थेंब जमून ढग होतो. या वयाला एवढं पुरे. फक्त विदर्भात ऐन उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की थेंब कमी धरतील, तिकडे हा प्रयोग पावसाळ्यात करा.

विजेला पोरं घाबरतात, त्यावर मोजणं हा चांगला उपाय. वीज चमकली की एक, दोन, तीन मोजायला लागायचं, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे नऊपर्यंत मोजलं तर वीज तीन किलोमीटरवर. हा खेळ घरात बसूनच हं, आणि बाहेर खेळत असताना गडगडाट ऐकू आला की खेळ टाकून घरात यायचं, झाडाखाली थांबायचं नाही, हे आत्ताच डोक्यात बसवा.

वाऱ्याला जुन्या ओढणीची एक चिंधी गॅलरीच्या गजाला बांधली की झालं. उन्हासाठी अंगणात खडूने पोराच्या सावलीभोवती रेघ ओढा, सकाळी एकदा, दुपारी बाराला एकदा, तीच जागा, तेच पोर. बाराची सावली एवढीशी बघून स्वतःच विचारतात, माझी सावली गेली कुठे? सूर्याकडे थेट बघायचं नाही हे तेव्हाच सांगून टाका. धुक्याला वेगळं काही शिकवावं लागत नाही, पावसाळ्यात आंबोलीला नाहीतर महाबळेश्वरला गेलात तर आपण ढगात चालतोय एवढंच सांगा. गारा पडल्या तर पडायच्या थांबल्यावर दोन-चार वेचून डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाका, मोठी गार असेल तर सुरीने तुम्हीच कापा, आत कधीकधी कांद्यासारखे थर दिसतात.

घरात आजी असेल तर पंचांगातलं पावसाच्या नक्षत्राचं वाहन तिला विचारायला लावा, त्यावरून पाऊस कसा पडेल याचा अंदाज बांधतात, बेडूक, मोर, गाढव, म्हैस, हत्ती असं काहीतरी निघतं. हे शास्त्र नाही हे मलाही माहितीये, पण पोरांना जाम आवडतं. म्हणून आजीचा अंदाज एका रंगात, हवामान खात्याचा दुसऱ्या आणि पोराचा स्वतःचा तिसऱ्या रंगात कॅलेंडरवर लिहा आणि संध्याकाळी कोण जिंकलं ते बघा. हवामान खातं हरलं की पोरं जास्त नाचतात.