इम्प्लांट बसवलं, आता त्याभोवतीचं हाड कसं राखायचं

"डॉक्टर, ते जंतू मारणारं कोटिंग असलेलं इम्प्लांट बसवा, म्हणजे हाड झिजणार नाही." साताऱ्यात हिरड्यांची प्रॅक्टिस करताना हे वाक्य हल्ली वरचेवर कानावर येतं. म्हणून आधी कोटिंगचंच सांगते.

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर दाताच्या आकाराची कॅप बसते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या पेशंटच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, ते त्या गृहस्थांनी सुमारे ४० वर्षं, मरेपर्यंत वापरले. त्यांवर कसलंही जंतुनाशक नव्हतं. आज चांदीचे अतिसूक्ष्म कण, क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, अँटिबायोटिक, पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) अशा कितीतरी लेपांवर संशोधन चालू आहे आणि मला त्याची मनापासून उत्सुकता आहे. पण अडचणी खऱ्या आहेत. झिरपणारं औषध काही दिवसांत किंवा आठवड्यांत संपतं. नुसत्या स्पर्शाने जंतू मारणाऱ्या लेपावर लाळेतल्या प्रथिनांचा थर बसतो आणि जंतू त्या थरावर ठाण मांडतात. चांदी जास्त झाली तर हाड बनवणाऱ्या पेशीही मरतात. शिवाय स्क्रू हाडात पिळताना लेप खरवडला जाऊ शकतो. म्हणजे फायदा झालाच तर मुख्यतः सुरुवातीच्या काळात. हाड मात्र बऱ्याचदा पुढे काही वर्षांनी, हिरडीजवळच्या टोकापासून झिजायला लागतं.

तरी कोणी कोटिंगचं इम्प्लांट सुचवलं तर विचारा: लेप कशाचा आहे, किती दिवस काम करतो, आणि माणसांवर किती वर्षं पाहिलाय? माहितीपत्रकावरचं 'सरफेस ट्रीटेड' वाचून फसू नका. ते बहुतेक वेळा हाडाची पकड वाढावी म्हणून केलेल्या खरखरीतपणाबद्दल असतं, जंतूंशी त्याचा संबंध नसतो.

आता तुमच्या हातातलं काम. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते नुसते शेजारून जातात, त्यामुळे सूज हाडापर्यंत लवकर पोचते. म्हणून रात्रीचं जेवण झाल्यावर आरशासमोर, चांगल्या उजेडात पाच मिनिटं काढा. मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून कॅपच्या कडेवर हळू फिरवा. मग इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत घालायचा छोटा ब्रश, तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेलाच. माप दवाखान्यात ठरवून घ्या. आत जाताना केस दोन्ही बाजूंना टेकले पाहिजेत, तार घासता कामा नये. गालाकडून घाला, पुढेमागे करा, जिभेकडूनही तसंच. बाहेर काढल्यावर ब्रश धुण्याआधी दिव्याखाली बघा. केसांवर रक्ताची गुलाबी छटा दिसते का? एखाद्या दिवशी दिसली तर ओरखडा असेल. आठवडाभर दिसत राहिली तर दवाखाना गाठा, कारण सूज हिरडीपुरती असेपर्यंत ती बरी होऊ शकते. गेलेलं हाड परत आणणं फार कठीण. फटी साफ करायला धागा (फ्लॉस) वापरत असाल आणि तो उसवत असेल तर थांबा, खरखरीत भागाला अडकलेले तंतूच जंतूंचं घर होतात.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. इम्प्लांटला दातासारखी नस नसते. हाड बरंच जाईपर्यंत काही दुखत नाही.

मिश्री लावणाऱ्या बायका मला रोज भेटतात. "आम्ही तंबाखू खात नाही हो" असं त्या अगदी खरेपणाने सांगतात. मावशी, मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे आणि ती थेट त्याच हिरडीवर चोळली जाते. इम्प्लांट करायचं तर आधी ती बंद. सिगारेटचंही तेच. साखर असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७ च्या आसपास ठेवा आणि रिपोर्ट दंतवैद्यालाही दाखवा.

कॅप बसवतानाच दोन गोष्टी मागून घ्या. कॅप सिमेंटने चिकटवणार असतील तर हिरडीखाली सिमेंट उरलेलं नाही ना, हे तपासायला सांगा. ते उरलं तर हाड खातं. जमत असेल तिथे स्क्रूने बसणारी कॅप मी पसंत करते. दुसरं, त्याच दिवशी एक एक्स-रे. एक वर्षाने दुसरा काढला की दोन्ही शेजारी ठेवून हाडाची पातळी ताडता येते. पहिलाच नसेल तर ताडायचं कशाशी? तपासणी सहा महिन्यांनी. पायरियाने दात गेलेले असतील तर तीन-चार महिन्यांनी.

पू, वाईट चव, किंवा हिरडीतून डोकावणारे स्क्रूचे आटे दिसले तर लगेच या. कॅप हलत असेल तर घाबरू नका, अनेकदा आतला छोटा स्क्रूच सैल झालेला असतो. पण त्या बाजूने चावणं बंद करा आणि एक-दोन दिवसांत दाखवा. येताना इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर आणा. कंपनी, माप आणि लॉट नंबर त्यावर असतो. स्टिकर नसेल तर योग्य स्क्रू-ड्रायव्हर शोधण्यातच वेळ जातो. बसवतानाच ते मागून घेऊन फाइलमध्ये चिकटवा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.