पूररेषेवरचा नॉयर: सांगलीत भविष्यपट करायचा तर

लग्नाच्या शूटिंगवर पोट आणि शॉर्टफिल्मवर जीव, अशी सांगलीत आम्हा कॅमेरावाल्यांची गत. "डिस्टोपिया करायचाय, पण बजेट नाही" हे कुणी ना कुणी ऐकवतंच. डिस्टोपिया म्हणजे बिघडलेल्या, दडपणाखालच्या भविष्याची गोष्ट. अहो, फ्रेंच दिग्दर्शक गोदारनं १९६५च्या 'आल्फाव्हिल'मध्ये भविष्यातलं शहर म्हणून तेव्हाचं पॅरिसच दाखवलं, वेगळे सेट न उभारता. 'ब्लेड रनर' (१९८२) मधली ती अंधारी इमारतही लॉस एंजेलिसमधली, १८९३ची. भविष्य जुन्या भिंतींवरच जास्त खुलतं.

उडत्या गाड्या सोडा, एकच नियम बदला. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी आपल्याकडं पोरांनाही पाठ असते: ४० फूट इशारा, ४५ धोका. समजा, शहरात कुणी कुठं राहायचं हे त्या आकड्यावर ठरतं आणि तो जाहीर करते एकच कंपनी. झाला डिस्टोपिया! आता खोटा आकडा लिहिणाऱ्या कारकुनाला नायक करा, की नॉयर, म्हणजे काळ्या सावल्यांचा, डागाळलेल्या माणसांचा गुन्हेपट, आला. स्वच्छ हातांचा नायक घेतलात तर क्रांतीचा सिनेमा होईल. आपल्या माणसानं कथा सुरू व्हायच्या आधीच पैसे खाल्लेले हवेत.

प्रकाशाला मात्र वेळ द्या. दिवा एकच, आणि त्यावरचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) काढून ठेवा. नवरीला शोभणारा मऊ उजेड इथं कामाचा नाही. गावभागातल्या एखाद्या जुन्या वाड्याची गजांची खिडकी शोधा आणि दिवा बाहेर, जमेल तितका लांब उभा करा. दिवा लांब गेला की गजांची सावली धारदार पडते. नटाला खिडकीजवळ घ्या, फार आत गेला तर कडा विरघळतात. एक गज बरोबर डोळ्यावर येईपर्यंत त्याला इंच-इंच सरकवा. नट वैतागतो, वैतागू दे, चेहऱ्यावर तेच हवंय. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) उजळ गालावर बांधा, बाकीचं बुडू द्या. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) चढवलात तर काळ्याचा राखाडी होतो.

पाऊस पाइपनं पाडा, पण दिवा त्याच्या मागं हवा. समोरून उजेड टाकला तर कॅमेऱ्याला थेंब दिसत नाहीत. डांबर आधी भिजवून घ्या. वायरी पाण्यापासून लांब. शटर १/५० सेकंद, नाहीतर दिवे लुकलुकतात. धुरासाठी ऊद पुरतो, फक्त पंखा बंद.

निळ्या-गुलाबी निऑनचा सगळ्यांनी चोथा केलाय. मी जुन्या सोडियम दिव्याचा पिवळा घेईन, त्याच्याखाली बाकीचे रंग मरतात. निवेदन पुस्तकी नको: "आकडा म्या लिवला. पानी मातुर खरं हुतं." एवढं बास.

पुलावर ट्रायपॉड लावायचा तर परवानगी आधीच काढा. गणपतीच्या दिवसांत मात्र मागायलाही जाऊ नका.