छर्रा रोज वेगळीकडे लागतोय? नॉब फिरवायच्या आधी या चुका टाळा

काल सगळं मस्त दहाच्या आसपास बसत होतं आणि आज त्याच एअर रायफलने, त्याच डब्यातले छर्रे डावीकडे खाली जातायत. अशा वेळी आपण काय करतो, तर तीन शॉट मारतो आणि लगेच साईटचा (नेम धरायच्या भागाचा) नॉब फिरवतो. मीपण पहिलं वर्षभर हेच केलं, दोन क्लिक उजवीकडे, जास्त झालं म्हणून एक परत, मग थोडं वर, आणि सेशन संपेपर्यंत मुळात झिरो (साईट जुळवलेली मूळ जागा) कुठे होता तेच आठवत नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

आधी नॉबला हात न लावता पाच-दहा शॉट मारा आणि कार्ड (निशाणाचा कागद) नीट बघा. ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका, घट्टच आहे पण अख्खाच्या अख्खा सरकलाय, की ग्रुपच फाटलाय, म्हणजे छर्रे विखुरलेत? सरकला असेल तर काहीतरी हललंय, स्क्रू, साईट, तुमचा गाल नाहीतर हवेचं प्रेशर. फाटला असेल तर छर्रे, सील, बॅरल किंवा आपण स्वतः. आणि हे सगळं किती बारीक आहे बघा, 10 मीटर रायफलच्या कार्डवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरवर. म्हणजे अडीच मिलिमीटर सरकलं की एक पॉइंट गेला.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो सैल स्क्रू. मी सातपूरहून रेंजवर रायफल बाइकवर आडवी बांधून न्यायचो, गंगापूर रोडला लागेपर्यंत खड्डे काय कमी नाहीत, आणि एक दिवस ग्रुप गेला पार सातच्या रिंगमध्ये. दोन दिवस ट्रिगरला शिव्या घातल्या. शेवटी ॲलन की लावली तर स्टॉकचा (खांद्याला टेकवायच्या दस्त्याचा) पुढचा स्क्रू पाव आटा सहज फिरला. आता स्क्रूच्या डोक्यावरून स्टॉकपर्यंत लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवलीय, रेघ तुटलेली दिसली की कळतं. फक्त आवळताना जोर करू नका, लाकडी स्टॉक असेल तर जास्त आवळूनही ग्रुप सरकतो, आणि पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा तर परत एकदा बघावंच लागतं. (की लावायच्या आधी रायफल रिकामी आहे ना ते बघा, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.)

मग गाल. डिसेंबरात निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की आमच्या रेंजवरचे एक काका माकडटोपी घालून येतात. त्यांचा ग्रुप अचानक एका बाजूला जायला लागला, आठवडाभर स्कोप (नेमाची दुर्बीण) काढून घालून झाला, तो धरणारे माउंट बदलून झाले. मी म्हटलं काका, टोपी काढून पाच मारा बरं. ग्रुप जागेवर! लोकरीचा थर गाल आणि चीकपीसच्या (स्टॉकवर गाल टेकवायच्या भागाच्या) मध्ये येत होता, डोळा स्कोपच्या मधोमध राहतच नव्हता. बरेच साधे रायफल स्कोप 100 यार्डासाठी पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) सेट करून येतात, त्यामुळे 10 मीटरवर डोळा कडेला गेला की छर्रा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सहज सरकू शकतो. शक्यतो जवळच्या अंतराला फोकस होणारा स्कोप घ्या. स्प्रिंगवाल्या रायफलला स्वस्त स्कोप तर लावूच नका, तिचा झटका पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, स्कोप आतून खिळखिळा होतो किंवा माउंट हळूहळू मागे सरकतं.

स्प्रिंगवाल्यांची अजून एक चूक म्हणजे रायफल टेबलावर टेकवून झिरो करायची आणि मग हातात धरून मारायची. कडक पृष्ठभागावर ती उडते, त्यामुळे हातातला झिरो वेगळाच येतो. जसं मारणार तसंच धरून झिरो करा, आणि हलक्या हाताने, दाबून नाही.

पीसीपीवाल्यांनी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) प्रेशर दाखवणाऱ्या गेजकडे बघायची सवय लावावी. सिलिंडर 200 बारला भरला आणि विसरलो असं चालत नाही, रेग्युलेटरच्या (प्रत्येक शॉटला सारखा दाब देणाऱ्या भागाच्या) सेटिंगखाली प्रेशर गेलं की वेग पडतो. हिशोब करून बघा, छर्रा सेकंदाला 170 मीटरवरून 160 वर आला तरी 10 मीटरवर साधारण दोन मिलिमीटर खाली लागतो, म्हणजे जवळपास एक रिंग. शॉट हळूहळू खाली उतरत चाललेत असं दिसलं की आधी गेज.

ग्रुप फाटला असेल तर डबा उघडून छर्रे बघा, मागचा स्कर्ट (पोकळ कड) चेपलेला असेल तर बाजूला टाका. डोक्याचा साइझ 4.49, 4.50, 4.51 असा वेगवेगळा येतो, तो मध्येच बदलू नका. ब्रेक बॅरलचा (नळी मोडून छर्रा भरायच्या रायफलचा) ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, तपासायचा तर जोडावर टिश्यूचा तुकडा ठेवून शॉट मारा, तुकडा उडाला तर हवा गळतेय. आणि कृपा करून आत शिलाई मशीनचं तेल सोडू नका, ते जळतं, धूर येतो, वेग कसाही होतो आणि सीलही जातं.

बॅरल साफ केल्यावर पहिले दहा-वीस छर्रे इकडेतिकडे जाणारच, त्यामुळे मॅचच्या आदल्या रात्री साफसफाई नको.

एवढं सगळं बघून झालं, तरी ग्रुप घट्ट आणि बाजूलाच असेल, तर आता फिरवा नॉब, पण किती क्लिक फिरवले ते वहीत लिहून ठेवा. काकांनी माकडटोपी काही सोडली नाही, फक्त आता रायफल उचलायच्या आधी ती कानाच्या वर दुमडतात.