पहिले पुस्तक कोणते? उदगीरच्या वहीपासून बैलबाजारापर्यंत

नोकरीची बावीस वर्षे मी लातूर जिल्ह्याच्या उदगीर-देवणी भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली आणि त्यातली जवळजवळ बारा वर्षे आपणही एक पुस्तक लिहावे, हा विचार मनात घोळत राहिला. पुस्तक लिहायचे हे पक्के होते. कोणते लिहायचे, याचा मात्र मी कधी नीट विचारच केला नव्हता. अलीकडे आमच्या भागातील काही तरुण शिक्षक हाच प्रश्न घेऊन घरी येतात, म्हणून जे घडले ते लिहून ठेवतो.

उदगीरला राहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर किल्ला सतत असतो. १७६०च्या प्रारंभी सदाशिवरावभाऊंनी याच भागात निजामाच्या फौजेला नमवले, तेव्हा इब्राहिमखान गारदीचा तोफखाना मराठ्यांच्या बाजूने होता, आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले. एवढा मोठा विषय दाराशी असताना पहिले पुस्तक म्हणजे ऐतिहासिक कादंबरीच, असे मी गृहीत धरले. तालुक्याच्या ग्रंथालयातून मिळतील ती पुस्तके आणली, टिपणे काढली आणि दोनशे पानी वहीत लिहायला बसलो. पहिले प्रकरण आठ दिवसांत झाले. दुसऱ्याला तीन महिने लागले, आणि पाचव्यात इब्राहिमखान भाऊंशी कोणत्या भाषेत, कोणत्या अदबीने बोलेल, या एका प्रश्नापाशी वही बंद झाली ती चार वर्षे उघडली नाही.

ती पुन्हा उघडली तेव्हा मला एक गोष्ट दिसली. छावणीतील मसलती, भाऊंचे संवाद, लढाईची वर्णने या सगळ्या पानांवर खाडाखोडीचे जाळे होते. काही ठिकाणी एकच वाक्य पाच-सहा वेळा खोडून लिहिलेले होते. मधली वीस-एकवीस पाने मात्र जवळपास स्वच्छ होती, आणि ती सगळी तोफा ओढणाऱ्या बैलांविषयी होती: चिखलात रुतलेला गाडा, खांद्याला आलेली सूज, पाण्यावाचून जीभ बाहेर काढून उभी असलेली जोडी. त्या मजकुरासाठी मी एकही पुस्तक उघडले नव्हते. तो माझ्या हातात आधीपासूनच होता. ज्यांच्याकडे अर्धवट हस्तलिखिते पडून आहेत, त्यांनी ती फाडू नयेत. खाडाखोड कुठे नाही तेवढेच आधी पाहावे, पुस्तकाचा पत्ता बहुधा तिथेच असतो.

तरीही ‘बैल’ हा काही पुस्तकाचा विषय झाला नव्हता, आणि नवा लेखक घाई करतो ती इथेच. विषय सुचणे आणि पुस्तक दिसणे यांत बरेच अंतर आहे. पहिले प्रकरण कोणालाही सुचते, कारण त्यात नुसता उत्साह पुरतो. म्हणून मी स्वतःला उलटा प्रश्न विचारला: सातव्या प्रकरणात काय असेल? उदगीरच्या कादंबरीत मला सातवे प्रकरण कधीच दिसले नव्हते. याउलट हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजाराचा विचार करताच एका संध्याकाळी नऊ प्रकरणांची नावे कागदावर उतरली आणि त्यांपैकी सातवे होते ‘दात’.

हे प्रकरण इथे थोडे सांगतो, कारण ‘माहीत असणे’ म्हणजे काय, ते त्यावरून कळेल. गिऱ्हाईक बैलापाशी येतो तो आधी अंगाकडे पाहत नाही, एका हाताने नाकपुड्या धरून दुसऱ्या हाताने खालचा ओठ ओढतो. पुढचे दात गुराला खालच्याच जबड्यात असतात, एकूण आठ. दुधाचे दात पडलेले नसतील तर गोऱ्हा ‘अदत’. साधारण दोन-अडीच वर्षांला मधली जोडी येते तेव्हा तो ‘दोनदाती’. मग चारदाती, सहादाती, आणि आठही आले की ‘जुळला’ म्हणतात. त्यापुढचे वय दातांच्या झिजेवरून ओळखावे लागते आणि तिथून पुढे वाद सुरू होतात. दात पाहून झाले की दलाल उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरतो. बोटे दाबून आकडा सांगायचा, तोंडाने नाही. तो आकडा शंभरांत की हजारांत, हे समोरचे जनावर पाहून दोघांनाही ठाऊक असते. ज्याचा बैल विकला जात आहे तो शेतकरी या वेळी उपरण्याकडे पाहत नाही. तो दलालाच्या चेहऱ्याकडे पाहतो, आणि त्याचा हात मात्र बैलाच्या वशिंडावर फिरत असतो. हा हात मी शेकडो वेळा पाहिला आहे. इब्राहिमखानाचा हात मला असा कधी दिसला नव्हता.

यावरून कोणी असे समजू नये की प्रत्येकाने आपल्या नोकरीवरच पुस्तक लिहावे. ज्या विषयाबाबत वाचकाने विचारलेल्या दहा प्रश्नांपैकी सात-आठांची उत्तरे उठून न जाता देता येतील, तो विषय पहिल्या पुस्तकाचा; उरलेल्या दोन-तीन प्रश्नांसाठी हिंडायला मजा येते. मलाही हिंडावे लागलेच. देवणी या गुरांच्या जातीचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तीन प्रकार मी अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रंगावरून सहज ओळखत होतो. लाल कंधारी या दुसऱ्या जातीसाठी मात्र नांदेड जिल्ह्यात कंधार-लोह्याकडे वारंवार गेलो, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मुक्काम केला.

आकाराचा विचार नवे लेखक फार उशिरा करतात. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्म्यांत छापले जाते. सात फॉर्मे म्हणजे ११२ पाने, आणि पानाला सुमारे २७० शब्द धरले तर तीस हजार शब्द. नोकरी सांभाळून पहाटे रोज तीनशे शब्द लिहिणाऱ्याचा पहिला खर्डा शंभर-सव्वाशे दिवसांत होतो. चारशे पानांची कादंबरी याच गतीने वर्षाच्या पुढे जाते, आणि वर्षभर घरातली लग्ने, आजारपणे, पेरण्या कोणासाठी थांबत नाहीत. पहिले पुस्तक पुरे करता यावे इतपतच मोठे असावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रकाराबद्दल थोडक्यात. कथा आणि ललित लेख सुटे-सुटे दिवाळी अंकांकडे पाठवून पाहता येतात, कादंबरीला ती सोय नाही. मी तीन लेख असे पाठवले, दोन परत आले, एक छापला गेला, आणि त्या एका लेखामुळेच बाजाराची बोली संवादांत ठेवायची आणि निवेदन प्रमाण मराठीत करायचे, हे ठरले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तिचे त्या वर्षीचे नियम विषय ठरवतानाच वाचून घ्यावेत. मी ते केले नाही. एका प्रकाशकाला स्वतःच्या खिशातून पैसे दिले आणि पुस्तक हातात यायला दीड वर्ष लागले. तो मनस्ताप टाळता आला असता.

पुस्तक आल्यावर पाच प्रती घेऊन मी हंडरगुळीला गेलो. एका वृद्ध दलालाने नातवाकडून ‘दात’ प्रकरण तिथेच वाचून घेतले आणि म्हणाला, “डॉक्टर, हे सगळं बराबर हाय, पर झिजंचं तुमी लई थोडं लिवलाव.” पुढे दोन तास त्यांनी मला बैल दाखवले, आणि मी घरी येऊन माझ्या प्रतीच्या समासात अडीच पाने भरतील एवढे लिहून काढले.

उदगीरच्या वहीतील ती वीस पाने मी पहिल्या पुस्तकात घेतली नाहीत. ती तिथेच आहेत, आणि यंदाच्या पावसाळ्यात मी ती कादंबरी नव्याने सुरू केली आहे, या वेळी तोफेच्या पुढे चालणाऱ्या गाडीवानापासून.