पेनची नळी आणि कणकेचं बूच

लेथवर (लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर) लाकडी पेन करायला शिकताना माझे पहिले दोन तुकडे कातण्याआधीच वाया गेले. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेलं चांगलं सागवान होतं! तुकड्याच्या भोकात पितळी नळी चिकटवताना एपॉक्सी (घट्ट गोंद) नळीच्या आत शिरलं, मग मँड्रेल, म्हणजे लेथवर तुकडा धरणारी सळई, तिच्यातून जाईना.

उपाय स्वयंपाकघरात सापडला. आधी नळी बाहेरून सँडपेपरने घासा. घट्ट कणकेची जाडसर पोळी लाटून नळीची दोन्ही तोंडं तिच्यात दाबा, बूच बसतं. (कणीक घरात विचारूनच घ्या.) मग एपॉक्सी लावून नळी फिरवत फिरवत भोकात सरकवा. रात्रभर हात लावू नका. सकाळी 7 मिमीची नळी असेल तर 6 मिमीचं ड्रिल बिट हातानेच फिरवून कणीक काढा.

लेथ चालू असताना हातमोजे मात्र घालू नका, अडकतात.