मूत्राशयाचा कॅन्सर: रक्तातल्या एमडीएससी कशा पकडायच्या

मूत्राशयातली गाठ आयएल-८ (पेशींना बोलावणारं प्रथिन) सोडून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी खेचते. कॉक्स-२ एन्झाइमच्या वाटेने बनणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ (पीजीई-२) मायलॉइड पेशींना (न्यूट्रोफिल, मोनोसाइट यांच्या कुळातल्या पांढऱ्या पेशी) असं वळण लावतं की त्या गाठीशी लढणाऱ्या टी-पेशींनाच दाबून टाकतात. याच एमडीएससी (मायलॉइड-डिराइव्ह्ड सप्रेसर सेल). त्यांचं आर्जिनेज-१ हे एन्झाइम भोवतीचं आर्जिनिन (टी-पेशींना लागणारं अमिनो आम्ल) संपवतं आणि टी-पेशींची वाढ खुंटते.

रक्त दुर्बिणीच्या ऑपरेशनआधीच घ्या आणि लघवीचं कल्चर पाहून घ्या. साध्या इन्फेक्शननेही याच पेशी वाढतात, मग दोष गाठीचा की जंतूंचा हे कळायला मार्ग नाही.

हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये १० मिली पुरे. वडोदऱ्याच्या मे महिन्यात ती ट्यूब रावपुऱ्याहून सायन्स फॅकल्टीपर्यंत स्कूटरच्या डिकीत आणू नका. बर्फातही नको. थर्माकोलच्या डब्यात, २० ते २५ अंशांत, आणि दोन-तीन तासांत काम सुरू. ही घाई उगीच नाही: उशीर झाला की साधे न्यूट्रोफिलही सक्रिय होऊन हलके होतात आणि पुढच्या पायरीत एमडीएससींच्याच थरात येतात.

रक्तात तेवढंच पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) मिसळा, १० मिली फिकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रावण, घनता १.०७७) अलगद सोडा. सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी, ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. साधे न्यूट्रोफिल तळाशी जातात, ग्रॅन्युलोसायटिक (न्यूट्रोफिलसारख्या) एमडीएससी मधल्या पांढुरक्या थरात राहतात. तो थर गोठवून उद्यावर टाकलात तर नेमक्या याच पेशी मरतात.

फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरचे मार्कर एकेक करून मोजणारी तपासणी) सीडी११बी+, सीडी१४−, सीडी१५+ म्हणजे ग्रॅन्युलोसायटिक. दुसऱ्या, मोनोसायटिक (मोनोसाइटसारख्या) प्रकारात सीडी१४+, सीडी१५−, एचएलए-डीआर कमी किंवा नाही. 'कमी'ची रेघ त्याच दिवशी काढलेल्या निरोगी रक्तावरून ठरवा.

पण नुसते मार्कर म्हणजे पुरावा नव्हे. वेगळ्या केलेल्या पेशी सीएफएसई (विभाजनागणिक फिका होणारा रंग) लावलेल्या, सीडी३/सीडी२८विरोधी अँटिबॉडींनी चेतवलेल्या टी-पेशींसोबत १:१, १:२, १:४ प्रमाणात तीन-चार दिवस ठेवा. शेजारच्या वेलमध्ये तितकेच साधे मोनोसाइट हवेतच, कारण नुसत्या गर्दीनेही विभाजन मंदावतं.

पीजीई-२चा हात तपासायला टी-२४ पेशींचं (मूत्राशयाच्या कॅन्सरची प्रयोगशाळेत वाढवलेली पेशी-रेषा) कल्चर-पाणी निरोगी मोनोसाइटवर घाला. सेलेकॉक्सिब (कॉक्स-२ रोखणारं औषध) टी-२४ला आधी द्यायचं. पाणी काढल्यावर घातलं तर त्यात उतरलेल्या पीजीई-२चं काहीच होत नाही. डीएमएसओचा (औषध विरघळवायच्या द्रावकाचा) कंट्रोल सोबत ठेवा.