सही कापली, पत्र गेलं: स्वाक्षऱ्या आणि सहीचे फोटो जमवताना या चुका टाळा

जुन्या घरांच्या माळ्यावरून सह्यांच्या वह्या निघतात, त्यातल्या बऱ्याच एकाच पद्धतीच्या असतात. पानावर चार-पाच चिटोरे गमनं चिकटवलेले, प्रत्येकावर एक सही, खाली वळणदार अक्षरात नाव. मूळ पत्र कुठंय असं विचारलं तर कळतं की सही कापून घेतली आणि बाकीचा कागद रद्दीत गेला. त्या बाकीच्या कागदावर तारीख होती, लेटरहेड होतं, कुणाला आणि कशासाठी लिहिलं ते होतं. पाकिटावर पोस्टाचा शिक्का होता. सही खरी की खोटी हे उद्या कुणी विचारलं तर साक्ष द्यायला हेच सगळे लागतात, आणि नेमके तेच कात्रीनं उडवले. पाकीटसुद्धा फेकायचं नाही, इथपासून या छंदाची सुरुवात होते.

उत्तरच येत नाही

पहिलं कारण म्हणजे एकच मजकूर वीस जणांना पाठवणं. 'मी आपला मोठा चाहता आहे, कृपया सहीचा फोटो पाठवावा' हे वाक्य स्वीय सहायकाच्या टेबलावर रोज येतं. टपाल तोच फोडतो, साहेब नाही. त्यामुळे पत्र आधी त्याच्या नजरेत भरलं पाहिजे. एखाद्या नटाला लिहायचं तर असं काही लिहा:

'सा. न. वि. वि. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरातल्या तुमच्या प्रयोगाला आम्ही तिघं भाऊ शेवटच्या रांगेत होतो. दुसऱ्या अंकात लाइट गेले आणि तुम्ही अंधारातच संवाद पुढे म्हणत राहिलात. लाइट आले तेव्हा तुम्ही नेमके दाराशी उभे होता. अंधारात तिथवर कसे पोचलात, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.'

यात कौतुकाचं विशेषण एकही नाही, पण उत्तर द्यावंसं वाटेल असा प्रश्न आहे. नशीब असेल तर सहीच्या वर दोन ओळीही येतील, आणि त्या दोन ओळींचं मोल नुसत्या सहीपेक्षा कितीतरी जास्त. मजकूर एका पानात बसवा, हातानं लिहा आणि मराठी माणसाला मराठीतच लिहा.

दुसरं कारण पोस्टाचं. परतीचं पाकीट घातलं, पण तिकीट पाच रुपयांचंच लावलं. साध्या पत्राचा पाच रुपये दर २० ग्रॅमपर्यंत आहे. फोटो आणि तो वाकू नये म्हणून पुठ्ठा घातला की वजन सहज पुढे जातं. मग पाकीट नॉटपेड होतं, म्हणजे कमी पडलेले पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात, किंवा तिकडचा माणूस कंटाळून बाजूला ठेवतो. फोटो, पुठ्ठा, पाकीट सगळं पोस्टाच्या खिडकीवर आधी वजन करून घ्या. परतीच्या पाकिटावर तुमचा पत्ता पिनकोडसकट आधीच लिहिलेला हवा. परदेशात पाठवताना परतीच्या पाकिटावर भारतीय तिकीट लावून काही उपयोग नाही, तिथल्या पोस्टात ते चालत नाही.

रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर जुनं नाव सांगून हुज्जत घालू नका. आणि घरातला एकुलता एक जुना फोटो सहीसाठी कधीच पाठवू नका, स्पीड पोस्टानंही नाही. त्याची चांगली प्रिंट काढून पाठवा.

एका पाकिटात सहा फोटो घालणारेही भेटतात. समोरच्याला लगेच वास येतो की हा विकणार. नील आर्मस्ट्राँग यांनी १९९४ मध्ये सह्या देणं बंद केलं, त्याला सह्यांचा हाच बाजार कारण होता. दोन फोटो पुरे. आणि एकावर तुमचं नाव घालून मागा, 'सोलापूरच्या अमुक यांस' असं. नाव घातलं की विकताना भाव पडतो असं व्यापारी सांगतात, ते खरंही आहे. पण संग्रह करणाऱ्याला अशी सही जास्त भरवशाची.

शाई पसरली, ओघळली, दिसतच नाही

जानेवारी २०२४ मध्ये सोलापुरात पार्क मैदानावर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला. असा सामना पुन्हा लागला आणि खेळाडू समोर आला, तर खिशातलं साधं बॉलपेन पुढे करू नका. चकचकीत फोटोवर ते घसरतं, खाचा पाडतं आणि अर्धी सही उमटतच नाही. फाउंटन पेनची शाई तिथं थेंब धरून बसते. परमनंट मार्कर न्या, बारीक टोकाचा, निळा. खेळाडूनं गडद जर्सी घातलेल्या फोटोवर निळा दिसत नाही, तिथं चंदेरी पेंट मार्कर लागतो. तो आधी हलवून, रद्दी कागदावर चालू करून मगच हातात द्यायचा, नाहीतर पहिला गोळा थेट फोटोवर पडतो.

सही झाल्यावर फोटो लगेच प्लास्टिकच्या पाकिटात सरकवू नका. पाच मिनिटं उघडा धरा. पत्रावर किंवा वहीत सही घ्यायची असेल तेव्हा मात्र फाउंटन पेनच बरं.

सही आली, पण हाताची आहे का?

कार्यालयातून आलेल्या सहीत चार प्रकार असतात: हाताची, सहायकानं केलेली, छापलेली किंवा शिक्क्याची, आणि यंत्राची. जुन्या काळातल्या नटनट्यांचे चाहत्यांना पाठवलेले फोटो बरेचदा सही छापलेलेच असत. शशिकलाबाई आपल्या सोलापूरच्या, म्हणून त्यांचा जुना फोटो दिसला की इथल्या माणसाचा हात लगेच खिशाकडे जातो. आधी भिंग काढा. दहापट मोठं दिसणारं भिंग घ्या, फोटो खिडकीशी तिरका धरा. हाताची सही असेल तर शाई फोटोच्या पृष्ठभागावर बसलेली दिसते, तिरक्या उजेडात तिची चमक वेगळी. रेघ रेघेला ओलांडते तिथं गडदपणा वाढतो, सुरुवातीला आणि शेवटी रेघ निमुळती होते. सही फोटोतच छापलेली असेल तर चमक सगळीकडे एकसारखी असते, आणि छापखान्याची प्रत असेल तर भिंगाखाली ठिपकेच ठिपके दिसतात. रबरी शिक्क्याची शाई कडेला दाटते, मध्ये विरळ राहते.

यंत्राची सही ओळखायला अवघड. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात ऑटोपेन नावाचं, पेन धरून सही करणारं यंत्र केनेडींच्या काळातही सर्रास वापरलं जायचं, अंतराळवीरांच्या पत्रांतही ते दिसतं. यंत्राच्या सहीत दाब सगळीकडे सारखा असतो आणि रेघेच्या दोन्ही टोकांना बोथट ठिपका सापडतो. पक्की खूण अशी की त्याच माणसाची दुसरी सही त्याच मापात आणून एकीवर एक ठेवली तर रेघ न रेघ जुळते. माणसाच्या हाताच्या दोन सह्या तंतोतंत कधीच जुळत नाहीत. त्यामुळे 'हुबेहूब आहे हो' असं कुणी सांगितलं की खूश होण्याऐवजी सावध व्हा.

याची उलट चूकही होते. जुळत नाही म्हणून खरी सही खोटी ठरवली जाते. गांधीजी दोन्ही हातांनी लिहीत, उजवा दुखला की डावा. १९०९ मध्ये जहाजावर लिहिताना त्यांनी हेच केलं होतं. शिवाय कुठं मो. क. गांधी, कुठं नुसतं बापू. त्यांच्या सहीची एकच नमुनाप्रत समोर ठेवून निकाल देणारा माणूस फसणारच. त्याच काळातले, त्याच लिपीतले आठ-दहा नमुने बघितल्याशिवाय बोलू नये. जाता जाता, हरिजन फंडासाठी ते सहीचे पाच रुपये घेत. म्हणजे सहीचा भाव ही काही आजची गोष्ट नाही.

विकत घेताना

इथं पैसे बुडतात, म्हणून जरा थांबू.

विकणारा सोबत सर्टिफिकेट देतो. ते कुणी दिलं, त्या माणसाला कोण ओळखतं, हे कळत नसेल तर तो एक रंगीत कागद आहे, बस्स. त्यापेक्षा सहीच्या आसपासचा कागद वाचा. खोटं करणारा सहीवर महिनोन् महिने हात बसवतो आणि बाकीच्या गोष्टींत सापडतो.

समजा १९६८ सालचं एक पत्र समोर आलं, लेटरहेडवर सोलापूरचा पत्ता आणि शेवटी ४१३००१. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. विषय संपला, सही कितीही सुंदर असो. यशवंतराव चव्हाणांचं 'मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य' असं छापलेलं १९५९ सालचं पत्र असू शकत नाही. तेव्हा ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. नया पैसा आला १ एप्रिल १९५७ ला, त्याआधीच्या पाकिटावर तिकीट आण्यातलंच हवं. गांधीजींचं १९४३ सालचं पत्र त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या अक्षरात आहे असं कुणी म्हणाला तर नमस्कार करून उठा. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ रोजीच आगाखान पॅलेसमध्ये वारले.

पेनही बोलतं. बॉलपेन १९४५ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत विक्रीला आलं, आपल्याकडे रुळायला आणखी वर्षं गेली. टिळक १९२० मध्ये गेले, आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला चीनमध्ये. यांची बॉलपेनची सही दाखवणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. नोटा तपासायची छोटी जांभळी बॅटरी मिळते, तीही जवळ ठेवा. १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत उजळपणासाठी रसायन असतं आणि ते त्या उजेडात निळसर चमकतं. १९३० सालचा कागद ट्यूबलाइटसारखा उजळला तर व्यवहार तिथंच थांबवा. न चमकणं हा मात्र खरेपणाचा पुरावा नाही. जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून वापरणारे कारागीर आहेत.

सोलापूरकरांना एक वेगळा सापळा आहे, भावनेचा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या हातचं काही म्हणून कुणी दाखवलं की इथल्या माणसाचे डोळे आधी भरतात आणि भिंग घरीच राहतं. अशा वेळी कागद कुणाच्या घरातून निघाला, मध्ये कुणाकुणाकडे होता, हे नावानिशी विचारा. 'एका जुन्या घरातून' हे उत्तर चालणार नाही.

कमी पैशात शिकायचं असेल तर एकाच माणसाची वेगवेगळ्या काळातली पत्रं जमवा. सुशीलकुमार शिंदे यांचंच घ्या. २००३ मध्ये मुख्यमंत्री, २००४ च्या अखेरीस आंध्रचे राज्यपाल, २००६ पासून केंद्रात ऊर्जामंत्री, २०१२ मध्ये गृहमंत्री. लेटरहेड बदलतं, टाइप बदलतो, सही हळूहळू आखडते की मोकळी होते ते दिसतं. नजर अशी तयार होते.

सोलापुरातला उन्हाळा आणि झेरॉक्सवाला

पत्र घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलात की सल्ला फुकट मिळतो: "लॅमिनेशन करून टाका की काका, लाइफटाइम टिकतंय." हा सल्ला ऐकून किती पत्रं मेली त्याची गणती नाही. गरम रोलरखालून प्लास्टिक कागदात कायमचं मुरतं, परत सुटत नाही. आधीच लॅमिनेट झालेलं असेल तर सोलायचा प्रयत्न नको. चांगलं स्कॅन करा आणि तसंच राहू द्या. सेलोटेपही तशीच, काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग मागे ठेवते. लागलेली टेप ओढू नका, कागद सोबत येतो.

एप्रिल-मेमध्ये इथं पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात माळ्यावर किती होत असेल बघा. त्या झळीत कागद करकरीत होतो, घडीवर तुटतो. मग आपण कुलर लावतो आणि खोलीत दमटपणा भरतो. दिवसा भट्टी, रात्री ओल, हा चढउतार कागदाला सगळ्यात वाईट. संग्रह माळ्यावर नको, कुलरच्या खोलीत नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको. आतल्या खोलीत लोखंडी कपाटाचा मधला कप्पा बरा. आजोबांची पत्रं ट्रंकेत चादरीत गुंडाळून ठेवलेली असतील तर आधी चादर काढा, ती ओल धरते आणि कसरीला आसरा देते. डांबरगोळ्या फोटोंच्या पाकिटात टाकू नका.

प्लास्टिकच्या पाकिटाला उग्र वास येत असेल तर ते पीव्हीसी, फोटोला चिकटणार. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं मागा. चिकट पानांचे जुने अल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका, मेण नसलेला दात साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) मागून हळूहळू फिरवा. फ्रेमच्या काचेला फोटो चिकटला असेल तर काचेसकट स्कॅन करा. बुरशी दिसली तर ते पत्र बाकीच्यांपासून वेगळं करा, सावलीत वाऱ्यावर वाळवा, मग तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशनं घराबाहेर झटका. उन्हात घालायचं नाही. घड्या सरळ करायला टिपकागदात ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा. इस्त्री कपड्यांसाठी असते.

भिंतीवर लावायची हौस असेल तर रंगीत प्रत लावा. नोंद करायची तर पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं, पेननं नाही.

कायद्याचं थोडं

पत्र तुमच्याकडे आलं म्हणजे कागद तुमचा झाला. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचाच राहतो. आपल्या कायद्यात तो साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. तेव्हा कुणाचं घरगुती पत्र सगळं टाइप करून प्रसिद्ध करण्याआधी विचारा. आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचा, ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तूत मोडतो. त्याचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातल्या गिऱ्हाइकानं कितीही भाव दिला तरी तो कागद पाकिटात घालून बाहेर पाठवता येत नाही.